मालनबाईंचा काढा

"माजी चौकशी करायची हाय," बाई म्हणाल्या.

राजनंदिनी खेतमाळीसनं मान वर केली. सावेडीतल्या तिच्या दीड खोलीच्या ऑफिसात लोक दुसऱ्याची चौकशी लावायला येत. भागीदाराची, होणाऱ्या जावयाची. विमा कंपन्या तर आजारी माणसांचीही. स्वतःवर चौकशी लावणारं गिऱ्हाईक सहा वर्षांत हे पहिलंच.

"तुमचं नाव?"

"मालनबाई गहिनीनाथ लगड. श्रीगोंद्याच्या अलीकडं वस्ती हाय आमची."

"आणि तुमच्यावर आळ काय आहे?"

"सुनंला इख घातलं म्हन्त्यात."

कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या जालिंदर साळव्यांचा हात थांबला. साळवे पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता राजनंदिनीची गाडी चालवायची, कागद गोळा करायचे आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ठरवून टाकायचा, अशी त्यांची तीन कामं. तिसरं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"घातलंत का?" राजनंदिनीनं विचारलं.

"त्येच मला कळना," मालनबाई म्हणाल्या. "न्हाई घातलं. पर दोन्ही येळंला माज्याच हातचं खाऊन पोरगी पडली."

त्यांनी सांगितलं ते असं. होळीला घरात पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून अश्विनी अंथरुणातून उठेना. हात-पाय जागचे हलेनात. शुद्ध पूर्ण, बोलणं नीट, पण उभी करायला गेलं की खाली. श्रीगोंद्यात सलाईन लावली, रक्तातला कसलासा क्षार कमी झाला होता म्हणाले, आणि दोन दिवसांत ती चालत घरी आली. मग अक्षय्य तृतीया. अश्विनीच्या गेलेल्या सासऱ्यांच्या नावानं घागर भरली, पुन्हा पुरणपोळी, आणि पुन्हा सकाळी तेच. या खेपेला मानही उचलेना. तिला नगरला आणलं.

"डाक्टरीण म्हनली, आजून तासभर उशीर झाला आस्ता तर श्वासच थांबला आस्ता. चार वर्साची नात हाय वो मला."

"पुरणपोळी सगळ्यांनी खाल्ली?"

"सगळ्यांनी. पर काढा तिला यकटीलाच." मालनबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "तिला मुतखडे झाल्यात. दिवाळीपास्नं मी रोज सकाळी काढा देती. पाषाणभेद, गोखरू, आन तोंडाला कोरड पडती म्हनून जेष्ठमध. तिचा भाऊ म्हन्तो, त्यातच कालवलं. उद्या तिला घेऊन जातो म्हन्तो, नातीलाबी. जाता जाता पोलिसात तक्रार."

"आणि तुमचा मुलगा?"

"ल्योक काल म्हनला, आई, काढ्यात काय टाकलं ते मला तरी सांग."

साळव्यांनी कप त्यांच्यापुढं ठेवला. "पण मावशी, चौकशी काय, पोलिसपण करतीलच की."

"पोलिस मला धरतील न्हाईतर सोडतील," मालनबाई म्हणाल्या. "पोरगी का पडती, ते कोन सांगनार? माज्या काढ्यानं पडत आसंल तर तसं सांगा. मी तुरुंगात जाईन. पर तिसऱ्यांदा पडाया नगं."

राजनंदिनीनं पेन उचललं.

* * *

हॉस्पिटल ऑफिसपासून चार चौक पुढं होतं. अश्विनी पलंगावर उशीला टेकून जेवत होती. अठ्ठावीस वर्षांची, सडपातळ, डोळे लालसर. नर्स नुकतंच ब्लडप्रेशर घेऊन आकडा तक्त्यावर लिहीत होती. राजनंदिनीनं वाकून पाहिलं: शंभर-सत्तर.

"रोज एवढंच असतं?"

"आल्यापासून तेवढंच," नर्स म्हणाली.

लेक ज्ञानेश्वरी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसली होती. तिच्या हातात पाण्याची बाटली. आईनं घास घेतला की ही बाटली पुढं करी. घास, घोट. घास, घोट. दोघींपैकी कुणीच त्याकडे लक्ष देत नव्हतं. राजनंदिनीलाही त्याच वयाची लेक होती, आणि मुलं काय करतात हे बघत राहायची तिला खोडच होती.

"हा खेळ कुणी शिकवला गं तुला?"

"खेळ नाहीये," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मम्मीचा घास अडकतो."

अश्विनी हसली. हसताना तिनं ओठ मिटून घेतले, पण पुढचे दोन दात हिरडीपाशी काळे पडलेले दिसलेच. "दाढा तर तीन गेल्या. डेंटिस्ट म्हणाला, गोड कमी खा. मी गोड खातच नाही. सणाला खाते तेवढंच."

"सकाळी कसं वाटतं, एरवी?"

"बोटं आखडतात. तासाभरानं मोकळी होतात. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी वाताच्या गोळ्या दिल्यात. डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखी वाटते, तर चष्म्याच्या दुकानात म्हणाले, मोबाईल बंद करा." तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "ताई, मला एकच भीती आहे. मी ज्ञानूला उचलून जिना उतरत असताना असं झालं तर?"

"सासूबाई कशा वागतात?"

"चांगल्या वागतात. मनातून थोडं अंतर आहे. दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले, तेव्हा मी रडले नाही. दारात सगळी भावकी जमलेली. सगळ्या बाया धाय मोकलून रडताहेत आणि सून कोरडी. आईंनी तेव्हा काही म्हटलं नाही. नंतर एकदा म्हणाल्या, तू दगड आहेस."

"वाईट वाटलं नव्हतं?"

अश्विनीनं पाण्याचा घोट घेतला. "माझं बी.एस्सी. अर्धवट राहिलेलं. लग्नानंतर मामंजी स्वतः जाऊन फॉर्म घेऊन आले होते. वाईट कसं वाटणार नाही?"

बाहेर व्हरांड्यात तिचा भाऊ संदीप उभा होता. कर्जतला त्याचं मोबाईलचं दुकान. बोलणं तडकाफडकी.

"तुम्हाला त्या म्हातारीनं लावलंय ना? मग निकाल काय येणार ते मला माहितीय."

"तुम्हाला कुणावर संशय आहे?"

"दोघांवर. तिनं काढा करायचा, त्यानं माल आणायचा. सुनील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथं काय केमिकलला तोटा आहे?"

साळव्यांनी अर्थपूर्ण मान हलवली आणि वहीत 'लॅब' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"माझी बहीण कॉलेजात पहिली यायची, मॅडम. टी.वाय.चा एक पेपर राहिला, नाहीतर आज कुठल्या कुठं असती."

"पेपर का राहिला?"

"राहिला." संदीपनं नजर मोबाईलकडे वळवली. "लग्नाची घाई होती."

"लग्नाआधी तब्येत कशी होती तिची?"

"ठणठणीत. आमच्याकडं असताना कधी डोकं दुखलं नाही तिचं. जे काय झालं ते इथं आल्यावर."

* * *

दुपारी दोघं वस्तीवर पोचले. उसाच्या फडांमधून गेलेला कच्चा रस्ता, पुढं गोठा, त्यामागं स्लॅबचं घर. सुनील वाटच पाहत होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"आमच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण बघतात, मॅडम. चुना, गंधक, असलं असतं. विष नसतं," तो म्हणाला. "पण संदीप म्हणतो तसं मलाही रात्रंदिवस तेच दिसायला लागलंय. आईला मी नको ते बोललो."

"तुम्हाला लग्न कधी ठरलं ते आठवतं?"

प्रश्न ऐकून तो गोंधळला. "दिवाळीत पाहायला गेलो. फेब्रुवारीत लग्न. तिची परीक्षा त्याआधीच्या एप्रिलमध्ये झाली होती. म्हणजे एक पेपर सोडून."

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. सगळेच. अश्विनीला खडे निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, जड पाण्यानं होतात. म्हणून मी आणि आईनंही सोनोग्राफी करून घेतली. आम्हाला काही नाही."

राजनंदिनी स्वयंपाकघरात गेली. मालनबाईंनी काढ्याचं पातेलं, डबे, सगळं तिच्यापुढं मांडलं. ज्येष्ठमधाची कांडी राजनंदिनीनं दातानं तोडून चघळून पाहिली. गोड आणि अस्सल.

"रोज किती घालता?"

"बोटायवढी कांडी. तिला तीच आवडती. नुसतीबी चघळती."

ओट्याखाली कांद्याची पाटी होती. राजनंदिनीचं लक्ष तिकडं गेलेलं पाहून मालनबाई म्हणाल्या, "त्यो तिचाच कारभार. आमच्या भावकीत कुटंबी कार्य आसू द्या, दोन पोती कांदा हिच्या म्होरं वततात. बाकीच्या बाया अर्ध्या तासात पदर लावून पळत्यात. ही बसली की संपवूनच उठती. डोळ्याला हात न्हाई. लई कवतिक करत्यात समदी."

"तुम्ही?"

"मीबी करती," मालनबाई म्हणाल्या. मग हळूच, "पर मनात म्हन्ती, हिला कांदाबी रडवत न्हाई."

तेवढ्यात गोठ्याकडून साळव्यांची हाक आली. ते आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीआधीचं तेज होतं. रुमालात धरलेलं अर्धं रिकामं पाकीट त्यांनी ओट्यावर ठेवलं.

"उंदराचं औषध, मॅडम! पेंडीच्या पोत्यामागं."

"गोठ्यात उंदीर हायेत," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"असतीलच की," साळवे म्हणाले.

परतीच्या वाटेवर साळव्यांना गप्प राहवेना. "सुनेचं कौतुक ऐकवत नाही म्हातारीला. हेतू आहे, साधन आहे, संधी आहे. आणखी काय पाहिजे?"

"कागद वाचा, काका," राजनंदिनी म्हणाली. चौकशीच्या धंद्यात येण्याआधी तिनं अकरा वर्षं नगरच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काढली होती. माणसांपेक्षा रिपोर्टवर तिचा विश्वास अंमळ जास्त. गाडी आता तीच चालवत होती; साळवे हॉस्पिटलातून आणलेली अश्विनीची फाईल वाचू लागले.

"गेल्या ऑक्टोबरची सोनोग्राफी. दोन्ही मूत्रपिंडांत असंख्य बारीक खडे, सगळीकडे पसरलेले."

"ऑक्टोबर. काढ्याच्या आधी. पुढं?"

"होळीनंतरचं रक्त. पोटॅशियम दोन पूर्णांक एक. अक्षय्य तृतीयेनंतर एक पूर्णांक आठ. हे किती पाहिजे?"

"साडेतीनच्या वर."

"अरे बाप रे. रक्तात आम्ल वाढलेलं, असं लिहिलंय. लघवीत पोटॅशियम भरपूर जातंय. लघवीचा पीएच होळीला साडेसात. तृतीयेला साडेसात. हा जुना, ऑक्टोबरचा... साडेसात. याला काही अर्थ आहे का?"

गाडीचा वेग कमी झाला. राजनंदिनीनं ती कडेला घेतली आणि अश्विनीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर मुथा? राजनंदिनी बोलतेय. अश्विनी लगडच्या बाबतीत एक विचारायचं होतं. तुमच्याकडं डोळ्यांच्या तपासणीच्या कागदी पट्ट्या मिळतील? हो, पापणीत अडकवायच्या. चार लागतील."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉ. जयमाला मुथांच्या खोलीत सगळे जमले. संदीप दाराजवळ, गाडीची किल्ली हातात. सुनील भिंतीला टेकून. ज्ञानेश्वरीला नर्सनं झोपाळ्यावर नेलेलं. मधल्या दोन खुर्च्यांवर अश्विनी आणि मालनबाई शेजारी शेजारी.

"आधी हे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दोघींच्या खालच्या पापण्यांत एकेक पांढरी पट्टी अडकवली. "डोळे मिटून घ्या. पाच मिनिटं."

"मला कशाला?" मालनबाईंनी विचारलं.

"तुलनेला कुणीतरी हवं," राजनंदिनी म्हणाली. "काका, घड्याळ लावा."

साळव्यांनी मोबाईलवर वेळ लावली. डोळे मिटलेल्या त्या दोघी, पापण्यांतून लोंबणाऱ्या पट्ट्या. संदीपला ते पाहून राग आला की हसू, त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"मी डॉक्टर नाही," राजनंदिनीनं सुरुवात केली. "रोगाचं नाव मुथा मॅडम सांगतील. मला फक्त कोण दोषी नाही ते सांगायचंय. पहिला आरोपी काढा. त्यातलं ज्येष्ठमध खरंच पोटॅशियम कमी करू शकतं. डॉक्टरांनाही त्याचीच शंका होती."

"होती," डॉक्टर म्हणाल्या. "मी तो बंदच करायला सांगितला."

"ते बरोबरच होतं. पण ज्येष्ठमधानं ब्लडप्रेशर चढतं आणि रक्तातलं आम्ल कमी होतं. अश्विनीचं प्रेशर रोज शंभर-सत्तर आणि रक्तात आम्ल वाढलेलं. काढ्यानं भर घातली असेल. मूळ तो नाही."

"आणि पाकीट?" साळव्यांनी आपलं पाकीट सहजासहजी सोडलं नसतं.

"उंदराच्या काही औषधांनी असा लुळेपणा येतो, काका. तुमची शंका वेडी नव्हती. पण विष एका रात्रीत काम करतं. दोन्ही मूत्रपिंडांत साखर सांडल्यासारखे खडे पसरायला वर्षं लागतात. आणि ते ऑक्टोबरमध्येच होते, मालनबाईंनी पहिला काढा उकळण्याआधी. विहिरीच्या पाण्याचेही नाहीत. तेच पाणी पिणारे दोघं साफ आहेत."

मालनबाईंनी मिटल्या डोळ्यांनी मान थोडी वर केली.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

"मग पोटॅशियम गेलं कुठं? जुलाब झाले असते तर पोटातून गेलं असतं, आणि मूत्रपिंडानं उरलेलं जपून ठेवलं असतं. इथं लघवीतूनच वाहून जातंय. चोर मूत्रपिंडातच आहे. तो पकडला एका आकड्यानं. तुमच्या-माझ्या शरीरात रोज आम्ल तयार होतं आणि मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकतं. रक्तात आम्ल साठलं असेल तर लघवी जास्तच आम्ल व्हायला पाहिजे, पीएच पाच-साडेपाचपर्यंत उतरायला पाहिजे. अश्विनीचा तिन्ही वेळेला साडेसात. लॅबमध्ये असे आकडे मी हजारो वेळा टाईप केले असतील. त्या ओळीकडे कुणी बघत नाही."

"पण मूत्रपिंडाला झालं काय?" सुनीलनं विचारलं.

"तेच मला कळत नव्हतं. मग ज्ञानूनं सांगितलं, मम्मीचा घास अडकतो. लाळच नाही. लाळ नाही म्हणून दात किडले. दात डेंटिस्टनं पाहिले, सांधे श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी, डोळे चष्म्याच्या दुकानानं, खडे आणखी कुणी. प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाला. सगळे तुकडे एकाच घरात राहणाऱ्या बाईपाशी होते."

"माज्यापाशी?" मालनबाई म्हणाल्या.

"कोरडं तोंड तुम्हाला दिसलं, म्हणून तर तुम्ही ज्येष्ठमध घातलं. कांदाही तुम्हीच सांगितलात. दोन पोती कांदा चिरून ज्या बाईच्या डोळ्याला पाणी येत नाही, ती फार धीराची नसते, मालनबाई. तिच्याकडे पाणीच नसतं."

पाच मिनिटं संपली. मोबाईल वाजला.

डॉक्टरांनी आधी अश्विनीच्या पट्ट्या काढल्या आणि उजेडात धरल्या. अगदी टोकाशी, दोन मिलिमीटर ओल. त्यापुढं कोरा कागद. मग त्या मालनबाईंकडे वळल्या. पट्ट्या पूर्ण भिजून गालाला चिकटल्या होत्या आणि त्यांवरून पाणी हनुवटीपर्यंत ओघळत होतं.

"तुमचं मोजता येणार नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची पट्टी बुडाली."

साळव्यांनी खिशातून रुमाल काढला. पाकिटाला गुंडाळलेला तोच होता. त्यांनी तो घाईनं परत खिशात कोंबला आणि टेबलावरचा टिश्यू पुढं केला.

"याला शोग्रेन म्हणतात," डॉक्टर सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते. अश्रूंच्या, लाळेच्या. सांधेही दुखतात. थोड्या पेशंटमध्ये ती मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांवर जाते आणि आम्ल बाहेर टाकायचं काम थांबतं. डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस. क्वचित दिसतं, आणि दिसलं तरी ओळखू येत नाही, कारण पेशंट पडतो तेव्हा सगळे फक्त पोटॅशियम भरतात आणि घरी पाठवतात. काल रात्रीच मी पुण्याच्या किडनीतज्ज्ञांशी बोलले. त्यांचंही हेच मत आहे. रक्त तिकडंच तपासायला पाठवलंय."

"आणि पुरणपोळी?" सुनील म्हणाला. "दोन्ही वेळेला सणाच्या दुसऱ्या दिवशीच कसं?"

"पोटॅशियम आधीच काठावर. एकदम एवढं गोड आणि पिठाचं खाल्लं की शरीर साखरेबरोबर उरलंसुरलं पोटॅशियमही रक्तातून आत ओढून घेतं. तुम्हा-आम्हाला त्यानं काही होत नाही. हिला सकाळी उठता आलं नाही."

"म्हणजे हे लग्नानंतरचं आहे का आधीचं, हे कळायला मार्ग नाही," संदीप म्हणाला. आवाज मऊ झाला होता, पण किल्ली अजून हातातच होती.

राजनंदिनी त्याच्याकडे वळली. "ते तुम्हीच सांगणार आहात. अश्विनीची परीक्षा एप्रिलमध्ये. पाहायचा कार्यक्रम दिवाळीत. मग एप्रिलमध्ये लग्नाची कसली घाई होती, संदीपराव? पहिली येणारी मुलगी एक पेपर सोडते, तो कशासाठी?"

संदीपनं बहिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"सांग ना दादा," ती म्हणाली. "आता काय राहिलंय."

"त्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना," संदीप अखेर म्हणाला. "आमच्या मावशीकडं आदल्या दिवशी बारसं होतं, जेवण झालेलं. दोन दिवस पडून होती. आमच्याकडच्या डॉक्टरनं सलाईन लावली, अशक्तपणा म्हणाला. आई म्हणाली, कुठं बोलू नका, स्थळं येणार नाहीत. मग आम्ही परीक्षेच्या टेन्शनवर ढकललं." "खरं सांगतो, मी ते विसरूनच गेलो होतो. म्हणजे, विसरलोच असं ठरवलं होतं."

सुनील भिंतीपासून पुढं आला. मग संदीपच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"सात वर्षांपूर्वी हे एका डॉक्टरला कळलं असतं, तर कदाचित खडे एवढे झाले नसते," राजनंदिनी म्हणाली. "पण तो हिशेब आज नको. मुथा मॅडम, ती बरी होईल?"

"औषधानं आम्ल ताब्यात राहतं आणि पोटॅशियमही. पोटॅशियम सायट्रेट, दिवसातून तीनदा, पाण्यातून. शोग्रेनच्या गोळ्या वेगळ्या. ठरलेल्या दिवशी रक्त-लघवी. हे नियमानं केलं तर ती इतर आयांसारखीच धावेल, ओरडेल, मुलीच्या शाळेच्या मीटिंगला जाईल. चुकवलं तर पुन्हा पडेल. आणि बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. हे जन्मभराचं आहे."

मालनबाईंनी डोळे पुसले. "परत सांगा. किती येळा?"

"तीनदा."

"जेवनाआदी का मागनं?"

"जेवणानंतर."

"सकाळचं मी बघंन. दुपारचंबी. रातचं सुनील." त्या बोटं मोजू लागल्या. "माहेराला गेली की?"

"मी," संदीप म्हणाला. त्यानं किल्ली खिशात टाकली. "डोसच्या वेळा मला व्हॉट्सॲप करा, मावशी. म्हणजे, सुनीलला करायला सांगा."

"तक्रारीचं काय करायचं?" साळव्यांनी अगदी हवालदारी आवाजात विचारलं.

"कसली तक्रार?" संदीप म्हणाला.

पुण्याचे रिपोर्ट चार दिवसांनी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच त्यांत होतं. पण त्या सकाळी कुणाला रिपोर्टची वाट पाहायची गरज वाटली नव्हती. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या, पुरुष औषधं आणायला खाली उतरले, आणि खोलीत तिघी राहिल्या.

मालनबाई राजनंदिनीच्या पाया पडायला वाकल्या. तिनं त्यांना दंडाला धरून वरच्या वर उभं केलं.

"तुमचे उपकार..."

"माझे नाहीत," राजनंदिनी म्हणाली. "मला कुणी बोलावल्याशिवाय मी कुठं जात नाही."

अश्विनी खुर्चीतच होती. "आई, तुम्हाला यांच्याकडं जायला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई. यष्टीत बसली आन आली."

"तुम्हीच दोषी निघाला असतात तर?"

"तर निघाली आस्ते." मालनबाई तिच्यापुढच्या खुर्चीवर टेकल्या. "आश्विनी, मी तुला दगड म्हनली हुती."

"माहितीय."

"मामंजी गेलं तवा तुला..."

"तेव्हा मी मोरीत जाऊन डोळ्यांना पाणी लावून आले होते, आई. बाया बघत होत्या म्हणून. ते लगेच वाळलं." अश्विनीचा चेहरा रडण्याचाच झाला, ओठ वाकडे, नाक लाल, डोळे तसेच. "मलाही वाटायचं मी दगडच आहे. आतून एवढं भरून यायचं आणि बाहेर काहीच नाही. वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. आज कळलं, माणूस म्हणून कमी नव्हते मी."

मालनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षांत या मुलीचा रडणारा चेहरा त्या पहिल्यांदाच ओळखत होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"रड," त्या म्हणाल्या. "मला कळतंय आता."